सात मिलिमीटर

“सात!” गाडीच्या मागच्या दाराशी उकिडवे बसलेले मिलिमीटर ओरडले. “दार सात मिलिमीटर बाहेर! अहो जावईबापू, याच्यावर टोपी अडकवता येईल!”

इमारतीच्या पार्किंगमध्ये जमलेले चारपाच शेजारी हसले. तळमजल्यावरच्या काकांना तर खोकलाच आला. नव्याकोऱ्या गाडीशेजारी जावई किल्ली हातात घेऊन उभा होता. तोही हसला, पण तोंडदेखलं.

मिलिमीटर हे कारखान्यात पडलेलं नाव. हायब्रिड गाड्या बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस शेवटच्या तपासणीवर. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाडीत केसाएवढा फरक सापडायचा नाही. निवृत्त झाल्यावरही मापाची पट्टी शर्टाच्या खिशात असायची. आणि एकुलत्या एका मुलीने लग्न केलं ते विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात दारं बसवणाऱ्या माणसाशी. तेव्हापासून जेवायच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. विजेची गाडी म्हणजे चाकं लावलेलं खेळणं, हे मिलिमीटरांचं ठाम मत होतं. जावई म्हणायचा, “बाबा, आमच्यात बिघडायला भागच कमी.” त्यावर ते म्हणायचे, “आणि जे आहेत ते वाकडे!”

“बसवलं कोणी हे दार?” आता ते प्रेक्षकांकडे बघत म्हणाले. “डोळे मिटून बसवलंय की काय?”

“मीच,” जावई म्हणाला. “कामगारांना सवलतीत मिळते ना, तर ही आपलीच म्हणून चारही दारं मी बसवली. म्हटलं, पहिल्यांदा बाबांना दाखवावी.”

कुणीही इथे थांबलं असतं. मिलिमीटर मात्र रंगात आले होते. “मग बरं झालं. दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यापेक्षा घरातच राहिली!”

पुन्हा हशा. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “बाबा, पुरे,” म्हणत तिने तेच दार उघडून हातातली पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि रागाने दार आपटलं. खट्‌ खट्‌, असे दोन आवाज आले.

या दोन आवाजांचा अर्थ मिलिमीटरांना लगेच कळला. गाडीच्या दाराच्या कुलपाला दोन टप्पे असतात. पहिल्यावर दार नुसतं अडकतं, दुसऱ्यावर पुरतं बसतं. मघाशी मिलिमीटरांनी ऐटीत दोन बोटांनी दार लोटलं होतं. कोऱ्या गाडीचं रबर ताठ असतं, त्यामुळे ते पहिल्याच टप्प्यावर अडकलं. आणि त्यांनी त्या अर्धवट दाराला पट्टी लावली. एरवी ही चूक नवशिक्याने केली असती तर त्यांनी त्याला आठवडाभर फैलावर घेतलं असतं. त्यांनी दाराकडे चोरून पाहिलं. कड गाडीच्या अंगाशी सपाट, अगदी हात फिरवून घ्यावा अशी. त्यांना लाज वाटली. पण काका अजून हसत होते, आणि हसणाऱ्या माणसांसमोर माप परत घेणं त्यांना जमलं नाही. “चला, चहा घेऊ,” एवढंच ते म्हणाले.

बुधवारी फोन आला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला एक जण आता त्या विजेच्या गाड्यांच्या कारखान्यात तपासणीचा प्रमुख होता.

“सर, तुमच्या जावयाचा अर्ज आलाय. लाइनवरून तपासणीत यायचंय त्याला. खांदा गेलाय म्हणे, डॉक्टरांनी दारं उचलू नका म्हणून सांगितलंय. जागा एकच आहे. नातं बाजूला ठेवून सांगा, हात आणि नजर कशी आहे?”

खांद्याचं मिलिमीटरांना ठाऊक होतं. रात्री उशी लावून झोपतो, हे मुलीने आईला सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. ‘मी चुकीचं मोजलं’ एवढं सांगायचं की झालं. पण ‘सर’ म्हणणारा हा शेवटचा माणूस उरला होता.

“नातं बाजूला ठेवून ना? मग परवाचीच गंमत सांगतो. स्वतःच्या गाडीचं दार स्वतः बसवलंय पठ्ठ्याने. सात मिलिमीटर.”

पलीकडून हसू आलं. “तुमचं माप म्हणजे प्रश्नच नाही, सर.”

पंधरा दिवसांनी मुलगी एकटी आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

“जागा दुसऱ्याला मिळाली. त्याला बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या सासऱ्यांनीच तुला नापास केलंय म्हणून.”

“जे दिसलं ते सांगितलं मी.”

“काही दिसलं नाही तुम्हाला! त्याने दुसऱ्या दिवशी कामावर मोजलं. शून्य आहे, बाबा. चारही दारांचं शून्य. दार अर्धवट लागलं होतं, हे त्याला तिथेच कळलं होतं.”

“मग बोलला का नाही?”

“चारचौघांत तुमचा पाणउतारा नको म्हणून! इथेही नाही, कारखान्यातही नाही!” तिचा आवाज फुटला. “तुमची ती हायब्रिड वर्षात तीनदा ओढून नेलीत ना गॅरेजमध्ये? आईला सांगता, सर्व्हिसिंगला दिलीय. तिसऱ्यांदा त्याने बघितलं तुम्हाला, टोइंगच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलेलं. मला म्हणाला, घरी बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बायको बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

“एक फोन करा,” मुलगी म्हणाली. “जागा गेली ती गेली. चूक माझी होती, एवढंच सांगा. त्याच्यावर तिथे रोज हसतात. दार उचललं की ‘सात’ म्हणून ओरडतात.”

मिलिमीटरांनी फोन हातात घेतला. नंबर काढला. मग चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“एकदा दिलेलं माप मी कधी बदललेलं नाही,” ते म्हणाले.

मुलगी जिना उतरून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यांनीही तिला हाक मारली नाही.

आता दर रविवारी बायको मुलीकडे जाते. जावई तिला न्यायला फाटकापर्यंत येतो, आत येत नाही. डावा हात लांबवून तिच्यासाठी दार उघडतो. उजवा अंगालगत तसाच असतो. तिसऱ्या मजल्यावरून तेवढं स्पष्ट दिसतं. मुलगी पुढच्या सीटवर असते, समोर बघत.

विजेच्या गाडीचा आवाज वरपर्यंत येत नाही. ती कधी आली, कधी गेली, कानांना पत्ता लागत नाही. म्हणून मिलिमीटर नऊ वाजल्यापासूनच गॅलरीत कठड्याला धरून उभे राहतात. काका खालून विचारतात, “काय, कुणाची वाट बघताय?” ते म्हणतात, “छे, ऊन खातोय.”

परवाच्या रविवारी दूध उतू जाईल म्हणून ते मिनिटभर आत गेले. गॅस बंद करून लगबगीने बाहेर आले, तर फाटक लागलेलं होतं आणि रस्ता मोकळा होता. बायकोची चप्पल दाराशी नव्हती. ते पुन्हा कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.