सात वल्ह्यांचा झेंडा

विषय : मुंबई राजधानीचा नियोजित झेंडा.
संदर्भ : मी स्वतः.

मी तो झेंडा बोलतोय. कोणत्या राज्याच्या राजधानीचा, ते विचारू नका. मलाही कोणी सांगितलेलं नाही.

छप्पन साली देहूरोडला रहिमान शिंप्याच्या मशीनवर माझा जन्म झाला. कल्पना चिंचवडच्या दौलतरावांची. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसाला राज्याची काळजी लागते. ते म्हणायचे, राज्य येईल तेव्हा येईल, राजधानीचा झेंडा तयार पाहिजे. पांढऱ्या कापडावर मुंबईच्या सात बेटांची खूण म्हणून सात वल्ह्यांची नाव, खाली समुद्र. रहिमानने समुद्र पाहिलेला नव्हता. त्याने पवनेवरची नाव काढली. एका अंगाला चार वल्ही, दुसऱ्या अंगाला तीन. अशी नाव जागच्या जागी फिरत राहील, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मला मात्र तेव्हापासून गरगरतं.

समुद्र हिरवा. दुकानात येणारे त्याचे नाना अर्थ काढू लागले, तेव्हा रहिमान म्हणाला, "माझं नाव रहिमान आहे म्हणून समुद्र माझा होत नाही, राव. दौलतरावांनी हिरवं आणलं, मी हिरवं शिवलं."

ते हिरवं आलं होतं दौलतरावांच्या बायकोच्या, सावित्रीबाईंच्या ट्रंकेतून. लग्नातलं लुगडं, लेकीच्या, इंदूच्या लग्नासाठी जपलेलं. दौलतरावांनी न विचारता कापलं.

मुंबई आधी केंद्राकडे जाणार होती, मग द्वैभाषिक राज्याची राजधानी झाली. मला मान्यता मिळावी म्हणून दौलतरावांनी अर्ज केला. उत्तर आलं : राज्य कोणतं, त्याचा खुलासा करावा. त्यांनी खुलाशासाठी मुदतवाढ मागितली.

तेवढ्यात इंदूचं लग्न ठरलं, चाकणला. सावित्रीबाई नवऱ्याला घेऊन रहिमानच्या दुकानात आल्या आणि मला पुढे टाकलं. "उसवा."

"उसवतो, वहिनी. पण टाक्यांनी चाळण झालीय. ना लुगडं राहील, ना झेंडा."

"अगं, मुंबईचा निकाल लागेपर्यंत तरी थांब," दौलतराव म्हणाले.

"तुमच्या मुंबईचा नवरा अजून ठरायचाय. माझ्या इंदूचा ठरलाय."

त्यांनी हिरव्यावरून एकदा हात फिरवला. मग मला उचलून घरी नेलं.

माघात मांडवात मला अंतरपाट म्हणून धरलं. नाव कशाला, असं कोणीतरी विचारलं. भटजी अडले नाहीत. "संसारसागर. सात वल्ही म्हणजे सप्तपदी." सगळ्यांच्या माना डोलल्या. दौलतरावांनी तोंड उघडलं, बायकोने पाहिलं, त्यांनी मिटलं.

मंगलाष्टकं संपली, मला बाजूला ओढलं. इंदूने माझा हिरवा काठ मुठीत धरून ठेवला होता. सावित्रीबाईंनी एकेक बोट सोडवलं.

सध्या माझा मुक्काम चाकणला, इंदूच्या ट्रंकेत. पत्ता बदलल्याचं दौलतरावांनी सरकारला कळवलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.