नारळ माझ्या हातात होता

माझ्या लेकीला, ज्ञानेश्वरीला, चौथं वर्ष लागलं तरी तिनं समुद्र पाहिला नव्हता. हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. रत्नागिरी जिल्ह्यात राहता आणि समुद्र नाही पाहिला? आता काय सांगायचं त्यांना. आमची वाडी देवरूखच्याही आत, डोंगराच्या कुशीत. इथल्या पोरांना समुद्र पुस्तकातल्या हत्तीइतकाच लांब. आणि माझं माहेर मालगुंड. मी चालायला शिकले तीच वाळूवर. माझी पोर मात्र व्हिडिओ कॉलवर आजीला विचारते, "आजी, समुद्र कुठं ठेवलायस? दाखव ना." आई हसली. मला हसू आलं नाही.

फाल्गुन लागला आणि मोबाईलवर जो तो एकच उपदेश पाठवू लागला. वसंत आलाय, नवा छंद लावून घ्या, बाहेर पडा, स्वतःसाठी वेळ काढा. वाचून माझं डोकंच फिरलं. वेळ काढा म्हणे. कुठून काढू? तांदळाच्या डब्यातून?

"चिडतेस कशाला," तेजल म्हणाली. "काढूया की."

तेजल आमच्या अंगणवाडीची बाई. राहते पऱ्ह्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापल्याडच्या, बौद्धवाडीत. तिचा सम्यक आणि माझी ज्ञानू एकाच चटईवर बसून एकमेकांचा खाऊ पळवतात, तिथूनच आमची मैत्री. तिनं ठरवलं आणि आम्ही खरंच वेळ काढला. भांडी घासून झाली की पोरांना घेऊन कातळावर जायचं. तिथं जांभ्या दगडाच्या सपाटीवर ती मला स्कूटी शिकवायची. मी तिला सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, करायला शिकवायचे. दोघीही सारख्याच वाईट शिकत होतो. मी करवंदीच्या जाळीत गाडी घातली, तिनं अर्धी फुलं चुरडली. मग थर्मासातला चहा प्यायचा, आणि समोरच्या कुसुंबाची पालवी कालच्यापेक्षा जास्त लाल झाली की कमी, यावर पोरांची भांडणं ऐकायची. बस, एवढंच. पण घरी परतताना माझ्या केसांना सुरंगीचा वास असायचा आणि मी ज्ञानूवर ओरडत नसे.

शेजारच्या येसूबाई गोठ्याच्या दारातून विचारायच्या, "काय गो वेदिका, गाडी शिकून कुठं जानार? मुंबैला घोवाला डबा द्यायला?"

"नाही काकी, तुम्हाला मागं बसवून बाजारात नेणार."

"मी बसतंय व्हय. माजी हाडं मोडून घ्यायचीत काय?"

पण बघायच्या मात्र टक लावून.

शिमग्याच्या पुनवेनंतरच्या शनिवारी मालगुंडला जायचं असं तेजलनं आणि मी ठरवलं. दोघी आणि दोन पोरं. दोन एसट्या बदलायच्या, दिवसभर वाळूत बसायचं, आईच्या हातचं जेवायचं, संध्याकाळी परत. गावदेवीची पालखी आमच्या वाडीत सोमवारी यायची होती, म्हणजे मधे काही आड येत नव्हतं. सासूबाईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं. त्या "बघू" म्हणाल्या होत्या. आमच्या घरात "बघू"चा अर्थ नव्वद टक्के हो असतो.

सुजय, माझा नवरा, मुंबईहून शिमग्याला आला होता. सोबत त्याचा चुलतभाऊ रितेश, त्याची नवी गाडी आणि गाडीभर मित्र. शुक्रवारी संध्याकाळी गावकीची बैठक झाली. परत आल्यावर चहाचा कप हातात घेऊन सुजय सहज म्हणाला, "पालखी उद्याच येतेय हां आपल्याकडं."

"उद्या? सोमवारी होती ना?"

"चाकरमान्यांना सोमवारी कामावर जायचंय. मग ठरलं शनिवारचं."

"मी उद्या मालगुंडला जाणार होते."

"मग ओटी कोण भरणार?"

देवीची ओटी सवाष्णीनं भरायची. सासरे गेल्यापासून सासूबाईंनी भरायची नाही. ज्या बाईनं पंचवीस वर्षं भरली तिनं आता बाजूला उभं राहायचं, याचाही मला संताप येतो, पण तो तिथं काढून उपयोग नव्हता. मी ज्ञानूच्या पिशवीतला टॉवेल आणि जादाचा फ्रॉक परत कपाटात ठेवला. ती मागं उभी राहून बघत होती. "समुद्र बंद झाला?" तिनं विचारलं.

तेजलला फोन केला. ती म्हणाली, "आमच्याकडं पालखी येत नाही, तर मी रिकामी. तुमच्याकडं येते, तर तू अडकली. काय पण आहे."

शनिवारी पहाटे उठून मी दारापुढचं खळं सारवलं, रांगोळी घातली, पुरण शिजत ठेवलं. नऊ वाजता निरोप आला, पालखी वरच्या वाडीतून निघायलाच दुपार होईल, आपल्याकडं संध्याकाळशिवाय येत नाही. हे ऐकल्यावर पडवीत बसलेल्या मंडळींनी काय केलं असेल? रितेशनं किल्ली फिरवली. "चला, तोवर समुद्रावर जाऊन येऊ."

मी हातातलं वाटण तसंच ठेवून बाहेर आले. "कुठल्या समुद्रावर?"

"गणपतीपुळ्याकडं कुठंतरी," सुजय म्हणाला. "संध्याकाळच्या आत येतो गं."

"मग ज्ञानूला तरी न्या."

"गाडीत जागा कुठाय? आणि घाटात ओकते ती."

"तुमचे मित्र काल रात्री ओकले ते चाललं?"

कुणीतरी फिसकन हसलं. गाडी गेली. ज्ञानू फाटकाला लोंबकळून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली. तिनं रडून गोंधळ घातला असता तर बरं झालं असतं. तिनं नुसतं विचारलं, "बाबा समुद्र घेऊन येणार?"

आणि साडेअकराला आईचा फोन. कधी नाही इतकी आनंदात. "वेदू, जावई आलेत गो, मित्रांना घेऊन. जेवायलाच थांबवलंय. सुरमई आणली. तू नाही आलीस ती? ज्ञानूला तरी पाठवायचंस."

माझ्या आईच्या पडवीत, माझ्या आईच्या हातची सुरमई, पाच बाप्ये बसून खाणार. आणि मी इथं सारवलेल्या खळ्याकडं बघत सवाष्ण म्हणून उभी. फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते.

तेवढ्यात ढोल वाजला. लांब नाही, अगदी वळणावर. येसूबाई धावत आल्या नि सासूबाईंना म्हणाल्या, "यमुने, पालखी आली गो. वरच्या वाडीला सुतक पडलंय, तिथं न थांबता सरळ हिकडंच वळवली."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. घरात एक पुरुष नाही. मी हात धुऊन नऊवारी गुंडाळली, ओटीचं तबक घेतलं, नारळ घेतला. त्या सुजयला फोन लावत होत्या, तो लागत नव्हता. पालखी नाचत नाचत खळ्यात आली, चौरंगावर टेकली. मी पुढं होऊन देवीची ओटी भरली. चांदीचा मुखवटा उन्हात असा काही चमकत होता की डोळे मिटावे लागले.

मग गाऱ्हाणं. आमच्याकडं रीत अशी, की घरच्यानं हातात नारळ धरून आपलं मागणं गुरवाच्या कानात सांगायचं. गुरवानं ते देवीला मोठ्यानं ऐकवायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा सगळ्यांनी व्हय म्हटलं की ते गावानं देवीपुढं कबूल केलं. दरवर्षी सुजय सांगतो आणि दरवर्षी तेच. कंपनीत बढती, घराला स्लॅब, नि बायकोच्या पोटी मुलगा. साऱ्या वाडीसमोर माझ्या पोटाचं मागणं होतं आणि मी पदर सावरून मागं उभी असते.

गुरव धोंडूकाकांनी इकडं तिकडं बघितलं. "सुजय कुठाय?"

"येतोच हाय, जरा थांबा," सासूबाई म्हणाल्या.

"यमुने, देवी थांबत नाय. अजून तीन वाड्या हायत." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नारळ ज्याच्या हातात, त्याचं गाऱ्हानं. सांग गो पोरी."

मी सगळ्यांना सुखी ठेव असंच सांगणार होते. देवीशपथ. पण ज्ञानू माझ्या नऊवारीचा काष्टा धरून उभी होती, आणि कानात अजून सुरमई होती. मी धोंडूकाकांच्या कानाशी वाकले. "मला माझ्या पोरीला समुद्रावर न्यायचंय. कुणाला न विचारता."

त्यांनी मान मागं घेतली. "हेच?"

"हेच."

"बढती-बिढती?"

"ती ज्याची त्यानं मागावी."

धोंडूकाकांनी घसा खाकरला. मग नारळ माझ्याकडून घेऊन वर धरला आणि आवाज लावला.

"हे आई, गावच्या धनीनी, आज तू वाजत गाजत यमुनेच्या खळ्यात आलीस…"

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरची सून वेदिका, मालगुंडची लेक, तिनं तुझ्यापुढं श्रीफळ ठेवलंय…"

"व्हय म्हाराजा."

"तर आई, तिला आपल्या पोरीला घेऊन समुद्रावर जायचं हाय, नि कुनाला न विचारता जायचं हाय…"

"व्हय म्हाराजा." जिभेला वळणच ते. म्हणून झाल्यावर मग बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. ढोलवाल्याची काठी वरच राहिली. पण गाऱ्हाणं अर्ध्यात सोडता येत नाही आणि धोंडूकाकांना आता सूर सापडला होता.

"तिच्या वाटंत जो कोन आडवा येल, मग तो घरचा असो, दारचा असो, गावकीतला असो, त्याला बाजूला कर, नि तिला सुखरूप नेऊन सुखरूप घरी आन…"

या वेळी बाप्यांचा आवाज पडला. बायकांच्या बाजूनं मात्र "व्हय म्हाराजा" असं काही आलं की आंब्यावरचे कावळे उडाले. सगळ्यात मोठा आवाज येसूबाईंचा होता.

पालखी पुढं गेली. सासूबाई घरात जाऊन पुरणाच्या पातेल्याजवळ बसल्या. "आता पोराला काय तोंड दाखवू," एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. मी पोळ्या लाटत राहिले. पोळी एकही फाटली नाही.

गाडी उन्हं कलल्यावर आली. वाटेतच त्यांना कुणीतरी सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण रितेश आल्या आल्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. सुजयच्या पायाला वाळू होती. ती वाळू मी ओळखते.

"घरातली गोष्ट देवीपुढं काढलीस?" तो म्हणाला.

"दरवर्षी माझी कूस काढता, ती कुणाच्या घरातली गोष्ट होती?"

त्यानं पायाची वाळू झटकली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "मला सांगायचंस. मी नेलं नसतं का?"

"सांगितलं होतं. गाडीत जागा नव्हती."

"बरं, उद्या नेतो. रितेशची गाडी आहेच."

"मी उद्या एसटीनं जाणार. तेजलबरोबर. तुम्ही पोरीला न्यायला नाही म्हणालात म्हणून नाही. कुणाला न विचारता जायचं ठरलंय म्हणून. तुमच्या मानकऱ्यांनी व्हय म्हटलंय."

त्यानं आईकडं बघितलं. आमच्या घरात शेवटी तिथंच बघतात.

"माझ्याकडं काय बघतोस?" सासूबाई म्हणाल्या. "देवीपुढं शब्द गेलाय. उद्या तू आडवा येशील, नि परवा घाटात गाडीचं काय झालं तर मला सांगू नको."

रितेशनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. "जाऊ दे ना दादा," तो घाईघाईनं म्हणाला.

सकाळी निघताना सासूबाई फाटकापर्यंत आल्या. ज्ञानूच्या पिशवीत टॉवेल आहे का ते चाचपून बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ओटी मी भरायची नाय ते खरं. पन नारळ धरायला काय सवाष्न लागत नाय."

"नाही लागत."

"पुढल्या शिमग्याला माझ्या हातात दे."

"काय मागणार, आई?"

"तुला कशाला सांगू? मागीन तेव्हा म्हनतीलच सगळे व्हय."

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ज्ञानू मांडीवर झोपली होती, तेजलच्या केसांत तिनंच केलेला वेडावाकडा वळेसर होता, खिडकीबाहेर पांगारे पेटलेले. सगळं सुंदर होतं आणि माझा राग उतरत नव्हता. अर्ध्या तिकिटाचा प्रवास. पोरीला तिच्या आजीच्या दारातला समुद्र दाखवायचा. एवढ्यासाठी मला गावदेवीला मधे घालावं लागलं, ढोलताशासकट. हे विसरायचं नाही असं मी ठरवलं आणि ज्ञानूच्या कपाळावरचा घाम पुसला.

मालगुंडला भरती नुकतीच ओसरत होती. सम्यक सरळ पाण्यात धावला. ज्ञानू माझं बोट सोडून कडेला उभी राहिली. लाट आली, घोट्यांवरून गेली, आणि परत जाताना तिच्या पायाखालची वाळू घेऊन गेली. ती डगमगली. मला वाटलं, आता रडेल.

तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "अय," ती समुद्राला म्हणाली, "ती माझी होती. मला विचारलंस काय?"

तेजल हसत सुटली. मी ज्ञानूला गप्प केलं नाही. साडी वर खोचली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.