चाळीसजणींत दोन बिल्ले

"बिल्ला कुठाय?" मास्तरने हाक मारली तेव्हा कॉलरवाली दारापर्यंत पोचली होती.

"दोन्ही बाहेर गेलेत. मला थांबता येत नाही."

"बावीस वर्षं थांबलात की!"

खरंच थांबली होती. शिवणकामाच्या त्या कारखान्यात चाळीसजणींच्या रांगेला संडासला जायचे बिल्ले दोनच. बिल्ला हाती लागेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून बायकांनी सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळी घोटभर चहा, की थेट संध्याकाळ. पाठ धरली तर दुखण्याची गोळी, तीही कोरड्या घशाने. शर्टांच्या कॉलरी शिवता शिवता हिने अशा किती गिळल्या, देव जाणे.

मग सारखा ताप यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "मूत्रपिंडं अर्धी गेलीत, बाई. उरलेली टिकवायची तर सवयी बदला. थोडं थोडं पाणी पीत राहा, लघवी तुंबवू नका, त्या गोळ्या आजपासून बंद."

"एवढंच?" तिला हसू आलं. "हे तर फुकटातलं औषध!"

दुसऱ्या दिवसापासून ती मशीनपाशी बाटली ठेवू लागली आणि बिल्ल्याची वाट न बघता उठू लागली. मास्तर आठवडाभर ओरडला. मग त्याने डोकं चालवलं. तिला एक शब्द बोलला नाही. काम कमी भरलं म्हणून सगळ्या रांगेलाच अर्धा तास जास्त बसवलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी शेजारची काजवाली उसळली. हिच्या बाळंतपणात कॉलरवालीने महिनाभर डबे पोचवले होते. "तुझ्या पाण्यापायी आमची पोरं दारात ताटकळतात. आम्हाला काय मूत्रपिंडं नाहीत?"

"आहेत ना! मग उठा की माझ्याबरोबर. किती जणींना अडवेल तो?"

कुणी मान वर केली नाही. मशीनं खडखडत राहिली.

चौथ्या दिवशी बाटली भरलेली तशीच घरी आली. "आता कसं शहाण्यासारखं!" मास्तर म्हणाला. पाठदुखीने पुन्हा गोळीही सुरू झाली.

दोन वर्षांत उरलेली अर्धी मूत्रपिंडंही गेली. आता आठवड्यातून तीनदा ती दवाखान्यात हातात सुया टोचून रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राशेजारी पडून असते. पाणी आता डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने दिवसाला मोजून दोन पेले. कारखान्याने तेवढी माणुसकी दाखवली, तिच्या जागी तिच्याच लेकीला घेतलं. चूल पेटायला हवी होती. कॉलरवाली नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

"पाणी पीत जा गं," पहिल्या दिवशी तिने पोरीला बजावलं. "कुणी काही म्हणो."

"हो गं आई! किती वेळा सांगशील?"

संध्याकाळी दार उघडलं. "आलीस? कसा गेला दिवस?"

खांद्यावरची पिशवी दारातच टाकून, पायातल्या चपला न काढता लेक आईसमोरून धावत गेली. संडासाची कडी आतून खाडकन लागली.

कॉलरवालीने पलंगावरून उतरून पिशवी उचलली आणि खुंटीला अडकवली.