आरपारबाबाला दिसलेला डाग

"बेटी, छाती में डाग है तेरे! टीबीचा! डाव्या बाजूले! हमको आरपार दिखता है!"

आरपारबाबा डोळे मिटूनच ओरडला आणि वणा नदीच्या काठावरच्या मांडवात बसलेल्या पाचशे माणसांनी एकदम हात जोडले. कोकिळा मटकन खाली बसली. ती मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होती. छातीत डाग असल्याचं महिन्यापूर्वी मिलच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. तिनं ते नवऱ्यालाही कळू दिलं नव्हतं.

हे १९८८ सालचं हिंगणघाट. दर गुरुवारी दुपारी बाबा बसे, न विचारता रोग सांगे आणि वर हुकूम सोडी, "गोली-बिली सब जहर है. भभूत खा, ग्यारा गुरुवार!" मात्र त्याला आरपार दिसे ते फक्त मिलमधल्या माणसांचं. बाहेरचा कोणी आला की बाबा म्हणे, त्याची श्रद्धा कच्ची! आता हे कोणाच्या ध्यानात यायला नको? पण नाही आलं.

कामगारांवर देखरेख करणारे मिलचे जॉबर रामाजी तेवढे कुरकुरले. ते पुढच्या रांगेत बसलेल्या प्रभाकररावांना म्हणाले, "साहेब, डाक्टरीनबाईच्या नोंदी तं तुमच्या मशीनमंदी असते. कोनी पाहून सांगतलं नसन ना बाबाले?"

प्रभाकरराव म्हणजे मिलचे कॉम्प्युटरवाले. दोन वर्षांपूर्वी मिलमध्ये पाच कॉम्प्युटर आले होते, तारांनी एकमेकांना जोडलेले. सगळ्या खात्यांच्या फायली मधल्या मोठ्या मशीनवर वेगवेगळ्या कप्प्यांत राहत. कोणाला कोणता कप्पा उघडू द्यायचा, हे प्रभाकरराव ठरवत. शिवाय त्यांचं स्वतःचं ब्लडप्रेशर बाबानं पहिल्याच गुरुवारी ओळखलं होतं. ते ताडकन उठले.

"शक्यच नाई, रामाजी! मी लावलेलं कुलूप हाये ते. मी अन् डॉक्टरबाई सोडून कोनाचा बाप उघडू शकत नाई. म्हनून तं सांगतो, बाबा खरा हाये!"

संपलं. इतका शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर राहिलं काय? कोकिळेनं कमरेची पिशवी काढली आणि टीबीच्या सगळ्या गोळ्या वणेत भिरकावल्या. प्रभाकररावांनी सर्वांआधी टाळी वाजवली.

तीन आठवड्यांनी सुताच्या मशीनपाशी उभ्या कोकिळेला रक्ताची उलटी झाली. मिलच्या दवाखान्यात डॉ. प्रमिलाबाईंनी तिला झोपवलं आणि प्रभाकररावांना बोलावून घेतलं.

"गोळ्या का सोडल्यास?" बाईंनी कोकिळेला विचारलं.

"बाबानं डाव्या बाजूचा डाग बराबर सांगतला जी. अन् साहेबानं कुलपाची गवाही देली."

"डावी बाजू?" बाईंनी एक्स-रे खिडकीशी धरला. "अगं, डाग तर उजवीकडे आहे!"

बाईंनी हातानं लिहिलेल्या कागदावरही 'उजवी'च होतं. प्रभाकररावांनी कॉम्प्युटरवरची नोंद उघडली. तिथं 'डावी'. बाईंचे कागद पाहून ती नोंद त्यांनीच टाइप केली होती, घाईघाईत. बाबाला कोकिळेची छाती दिसत नव्हती, प्रभाकररावांची चूक दिसत होती!

ते तडक कापूस खरेदीच्या खात्यात गेले. तिथला कारकून बंडूजी बाबाचा पट्टशिष्य, दर गुरुवारी मांडवात बाबाला पंख्यानं वारा घाली. त्याच्या खुर्चीत बसून प्रभाकररावांनी साध्या कारकुनाच्या नावानं मशीन उघडलं. दवाखान्याचा कप्पा ज्याच्या आत होता, तो बाहेरचा मोठा कप्पा उघडेना. "परवानगी नाही." त्यांना हायसं वाटलं, पण घटकाभरच. त्यांना दसरा आठवला.

दसऱ्याच्या पूजेला मिलमध्ये एकही कुलूप बंद ठेवायचं नाही, ही जुनी चाल. तिजोरीपासून हजेरीच्या पेटीपर्यंत सगळं सताड उघडं. उत्साहाच्या भरात प्रभाकररावांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावून त्याचेही कप्पे, आतले धरून एकूण एक, सर्वांना वाचायला मोकळे केले होते. दुसऱ्या दिवशी फक्त बाहेरचा मोठा कप्पा बंद केला. म्हटलं, आतलं आपोआप बंद झालं. पण या मशीनची रीत तशी नव्हती. आतल्या कप्प्याला वेगळी दिलेली परवानगी वेगळीच काढावी लागे. त्यांनी दवाखान्याच्या कप्प्याचं पूर्ण नाव टाइप केलं. सगळ्या मिलचे रोग पडद्यावर उघडे पडले.

गुपचूप कुलूप लावावं, कोणाला काय कळतंय, असंही त्यांच्या मनात आलं. तासभर ते त्याच विचारात बसून राहिले, आणि या तासाची त्यांना पुढे जन्मभर लाज वाटली.

मग ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. दोघांनी मिळून कप्पा तसाच उघडा ठेवला आणि प्रभाकररावांच्याच नावापुढे एक खोटी नोंद टाकली.

गुरुवारी बाबा त्यांना पाहून गरजला, "पेट चिरा हुआ है तेरा! टाके दिखते हैं हमको!"

प्रभाकररावांनी पाचशे माणसांसमोर शर्टाची बटणं सोडली. पुढच्या रांगेतली मनकर्णाबाई पार पोटापाशी वाकून पाहून आली. "कायचे टाके वं माय! इथं तं काईच नाई!"

मांडवात हशा उसळला. बंडूजीनं पंखा टाकून चपला शोधायला सुरुवात केली. बाबा "माया है, माया है" म्हणत राहिला, पण ऐकतो कोण? कुलपाची सगळी हकिगत प्रभाकररावांनी सांगितली, दसऱ्यासकट.

डॉक्टरीणबाईंबरोबर मांडवात आलेली कोकिळा त्यांच्या आधारानं उभी राहिली. "बाबा खोटा, मानलं. पन गोळ्या मी त्याच्या शब्दावर नाई फेकल्या, साहेब. तुमच्या शब्दावर फेकल्या. तवा तुमी कुलूप पाह्यलं होतं का?"

"नाई पाह्यलं, कोकिळाबाई." प्रभाकररावांची मान वर होईना. बटणं तशीच उघडी होती. "लावलं होतं, एवढंच मनात होतं. माह्या घमेंडीपायी तुमचा जीव जात होता." मग ते लोकांकडे वळले. "माह्यावर ठेवला तसा आंधळा विश्वास कोनावर ठेवू नका. बाबा असो, साहेब असो, का मशीन असो. दाखव म्हना, मंगच माना."

कोणी टाळी वाजवली नाही. प्रमिलाबाईंनी गोळी पुढे केली. कोकिळेनं हात पसरला, पण मध्येच मागे घेतला.

"बाई, डाग उजवीकडंच हाये ना? दाखवा मले."

बाईंनी पिशवीतून एक्स-रे काढला आणि तिच्यासमोर उन्हात धरला.