शीतलनाथाचं तेल

धाड गावच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा जास्त गर्दी एका जीपभोवती होती. जीपचं बॉनेट उघडं आणि टपावर मांडी घालून बसलेले शीतलनाथ महाराज. शिष्यानं खाली वाकून तोटी सोडली, तसं रेडिएटरचं सगळं पाणी लोकांच्या डोळ्यांदेखत मातीत गेलं. मग इंजिन चालू झालं. बिनपाण्याची जीप घुरघुरत राहिली. महाराजांनी चहा घेतला, एक भजन म्हटलं, तरी तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला नाही.

"गाडी काऊन तापते?" महाराजांनी माइकवरून विचारलं. "तिच्यात क्रोध असते! माणसाचा क्रोध मंत्रानं जाते, लोखंडाचा या तेलानं. हिमालयाच्या बर्फात मुरवलेलं तेल हाय हे. इंजिनात टाका, गिअरात टाका, ब्रेकात टाका. जिथं गरमी, तिथं शीतलनाथ!"

लोखंडाला क्रोध येतो हे ऐकून एकालाही हसू आलं नाही. टाळ्या मात्र पडल्या. बाटल्या घ्यायला जी झुंबड उडाली, त्यात आल्याची शेती करणारे वामनरावही होते.

वामनरावांकडे जीप नव्हती. त्यांच्याकडे त्यांचा मुलगा गजेंद्र होता. गजेंद्रचं गावात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि जिवापाड जपलेली एक जुनी छोटी कार होती. तिला मोठा टर्बो बसवून त्यानं ती शर्यतीची केली होती. तिचा आवाज गल्लीत घुमला की पोरं धावत बाहेर यायची आणि वामनराव देवाला हात जोडायचे.

गजेंद्रची थोरली बहीण मंजुश्री बुलडाण्याच्या पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवायची. रविवारी ती घरी आली की बहीणभाऊ कारखाली डोकं घालून बसायचे. नागपूरची शर्यत जवळ आली होती.

"ताई, सगळ्यात मोठं ऑइल कूलर बसवू काय? समोरून झकास दिसते."

"दिसाले बसवतो का? तेल लयच थंड राह्यलं त घट्ट राह्यते, इंजिनात नीट फिरत नाही. थर्मोस्टॅटवालं घे. तेल तापलं की मंगच कूलरकडं वळते."

"आन तेल? जाडं टाकू?"

"कंपनीनं सांगितलं तेच सिंथेटिक टाक, फक्त लवकर लवकर बदलत जाय. पण आधी ब्रेकचं पाह्य. इंजिन तापलं त गाडी थांबते, गजू. ब्रेकचं ऑइल उकळलं त थांबत नाही."

गजेंद्र हसला, पण त्यानं ऐकलं. उशिरा उकळणारं चांगलं ब्रेक ऑइल त्यानं मागवून घेतलं. ते भरताना आतली हवा काढायला मंजुश्री पेडलवर बसली आणि तो चाकाशी पाना घेऊन. "दाब... धर... सोड," तो खालून ओरडायचा. "ताई, झोपली काय बे?" दोघं हसत होते आणि त्यांची आई रुखमाबाई दारातून जेवायला हाका मारत होत्या.

शर्यतीच्या आठवड्यात एका सकाळी गजेंद्र आंघोळीला गेला असताना वामनरावांनी बॉनेट उघडलं. इंजिनात महाराजांचं थोडं तेल ओतलं. ब्रेकच्या छोट्या डब्यातही ओतलं. हात जोडले आणि बॉनेट हळूच लावलं. लेकाला सांगितलं असतं तर तो हसला असता.

नागपूरला निघालेला गजेंद्र राजूर घाट उतरताना वळणावरून खाली दरीत गेला. रस्त्यावर ब्रेक लावल्याची खूण नव्हती.

गजेंद्रची तेरवी झाली आणि मंजुश्री पोलीस ठाण्याच्या आवारात गेली. कारचा चेंदामेंदा झाला होता, पण ब्रेकचा डबा शाबूत होता. तिनं झाकण उघडलं. आतलं रबर भिजलेल्या पावासारखं फुगलं होतं. डब्याला कापराचा वास येत होता. तसाच वास येणारी महाराजांची बाटली तिनं देवघरात पाहिली होती.

घरी आल्यावर कोणत्या तोंडानं बोलावं ते तिला कळेना. तेवढ्यात वामनरावच म्हणाले, "मंजू, माह्याच हातून चूक झाली वं. महाराज भेटाले आल्ते. म्हणे तेल कमी पडलं, श्रद्धा कमी पडली. मी थोडकंच टाकलं होतं."

बापाला वाटतंय ते वाटू द्यावं, असं मंजुश्रीनं ठरवलं.

पण काही दिवसांनी तिला अंगणात शेजारच्या उकंडरावांची जीप दिसली. आसपासच्या गावांतल्या मुली त्या जीपमधून कॉलेजला जायच्या. बॉनेट उघडं होतं आणि वामनराव बाटली धरून सांगत होते, "भरपूर टाक, उकंडराव. हात आखडू नको. मी आखडला."

तिनं धावत जाऊन बाटली ओढून घेतली. "अप्पा, हे ब्रेकात टाकाचं नसते!"

"मंग महाराजाची जीप बिनपाण्याची कशी चालते? माह्या डोळ्यानं पाह्यलं ना मी!"

पुढच्या बाजारी मंजुश्री पाना घेऊन महाराजांच्या जीपभोवतीच्या गर्दीत शिरली. मागे उकंडराव आणि वामनराव होते. तोटीतून पाणी वाहून गेलं, इंजिन चालू झालं, भजन झालं.

"महाराज, पाणी सगळं गेलं ना?" तिनं विचारलं.

"थेंब उरला नाही, पोरी!"

"मंग रेडिएटरचा हा खालचा बोल्ट सैल केला त काही पडाले नको."

शिष्य तिच्या अंगावर धावले. उकंडराव त्यांना आडवे आले. मंजुश्रीनं बाजूला सरून लांब पान्यानं बोल्ट फिरवला. वाफाळतं हिरवं पाणी फुसकन बाहेर आलं, तशी गर्दी मागे हटली.

"मघाचं साधं अन् थंड होतं," ती म्हणाली. "हे हिरवं अन् उकळतं कुठून आलं?"

उकंडरावांनी जाळीमागे हात घालून एक कॅन ओढून काढला. तोटी त्याला होती. रेडिएटरमधलं हे हिरवं पाणी कधी सांडलंच नव्हतं. गाडीला तेलानं नाही, तिच्याच पाण्यानं थंड ठेवलं होतं.

गर्दी खदाखदा हसली. महाराज टपावरून उतरायला गेले, ते धोतरात पाय अडकून शिष्यांच्याच अंगावर पडले. पोलीस येईपर्यंत लोकांनी त्यांना हलू दिलं नाही.

मंजुश्री हसली नाही. तिनं पिशवीतून दोन रबरी वायसर काढले, एक लहान, एक फुगलेला. "दोन्ही एकाच मापाचे होते. एक ब्रेक ऑइलमध्ये ठेवला, एक या तेलात. हे साधं मशिनचं तेल हाय, कापूर टाकलेलं. यानं ब्रेकमधलं रबर फुगते. ब्रेक चाकाले धरून ठेवते, घासून घासून तापते, आतलं ऑइल उकळते. मंग पेडल दाबलं की नुसतं खाली जाते."

पुढे ती बोलणार नव्हती. पण वामनरावांनी ते वायसर तिच्या हातातून घेतले. एकावर एक ठेवून पाहिले, पुन्हा पाहिले.

"गजूच्या गाडीत असंच झाल्तं?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो, अप्पा."

कोणी पाणी दिलं, ते वामनरावांनी घेतलं नाही. त्यांनी माइक मागितला.

"हे तेल माह्या पोराच्या ब्रेकात मीच टाकलं. तो न्हाऊन राह्यला होता तवा, चोरून. माही श्रद्धा कमी नव्हती. लय होती. पोरगी हेच शिकवते, घरातच होती, मी तिले विचारलं नाही. तुमी विचारा, बाप्पाहो. तेल कशाचं, पाणी कुठलं, उघडून पाहू द्या म्हणा. विचारल्यावर ज्याले राग येते, त्याचं काहीच घेऊ नका."

मग एका बाईनं पिशवीतली बाटली काढून नालीत ओतली. पाठोपाठ दुसऱ्यांनी.

मंजुश्री बापाचा हात धरून घराकडे निघाली. वळणावर वामनराव थांबले.

"मंजू, लय वेळ घाबरला असन का वं तो?"

"नाही, अप्पा. त्याले समजलंही नसन," ती म्हणाली.

एवढी एकच गोष्ट तिनं तपासून पाहिली नव्हती.