डेस्कटॉपवरचा आमोस

नवा कॉम्प्युटर चालू झाला आणि स्टेलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावर निळं आभाळ, हिरवं कुरण आणि कोपऱ्यात एक कचऱ्याची टोपली. बाकी सगळं चकाचक. जिथं फायलींची एवढी दाटी असायची की मागचा नातवाचा फोटो फक्त कपाळापुरता दिसायचा, तिथं आता काहीसुद्धा नव्हतं.

"जस्टिन, माझी गाणी कुठायत?"

जस्टिन तिच्या बहिणीचा मुलगा. सावेडीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला म्हणून सकाळीच तो स्कूटरवर पायाशी सीपीयूचा नवा डबा ठेवून सोनईला आला होता. जुनी डिस्क काढून त्याने नव्या डब्यात बसवली होती, नवं विंडोज टाकलं होतं, आणि आता तो समोर आलेल्या पोह्यांना हात घालणार होता.

"मावशी, डी ड्राइव्हला मी हातसुद्धा लावला न्हाई," तो म्हणाला.

हे सगळेच दुरुस्तीवाले छातीवर हात ठेवून सांगतात. सी ड्राइव्ह विंडोजची, डी आपली. सी पुसली तरी चालते, डीला कुणी हात लावत नाही. दुनियेला हे पाठ आहे. पाठ नव्हतं ते आमोसला. स्टेलाचा नवरा आमोस साखर कारखान्यात टाइमकीपर होता. रोज लागतं ते डोळ्यासमोर पाहिजे, हा त्याचा कायदा. चष्मा टीव्हीवर, किल्ली खिळ्याला, गोळ्या खिडकीत, आणि झाडून सगळ्या फायली डेस्कटॉपवर. तो डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे घरात कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

"म्हंजी गेली?"

"डेस्कटॉपवर कुणी ठेवतं का मावशी महत्त्वाचं काही?"

झालं. भाचा असो की कुणी असो, स्टेलाने त्याला सोलून काढला. शिकलास कशाला, दुकान थाटलंस कशाला, तुझ्या आईनं तुला एवढंही सांगितलं न्हाई का की दुसऱ्याच्या घरातलं विचारल्याबिगर फेकू नये? पोह्यांची बशी तिने त्याच्यासमोर आणून ठेवली होती, ती उचलून परत आत नेली.

"गाणी तर मंडळीत सगळ्यांच्या मोबाइलवर हायेत की," जस्टिन पुटपुटला. "हवी तर मी गोळा करून देतो."

"ती गाणी कोण मागतंय तुला!"

गोष्ट खरी होती. आमोस चर्चच्या गायकमंडळाचा म्होरक्या. मंडळींत स्वरलिपी कुणालाच येत नव्हती, म्हणून उपकारस्तुतीच्या सणाची असोत की नाताळची, प्रत्येक गाण्यातल्या चारही आवाजांच्या वेगवेगळ्या चाली तो स्वतः गाऊन रेकॉर्ड करायचा आणि मोबाइलवर पाठवायचा. कुणी धार काढताना ऐके, कुणी उसाला पाणी देताना. आमोस जिथं श्वास घेई तिथं सगळी मंडळी श्वास घेई, गाण्यात गरज असो नसो. पण पाठवण्याआधी तो सुरुवातीचा तुकडा कापायचा. कारण माइक लावून बसला की नेमकं आत स्वयंपाकघरात काहीतरी सुरू व्हायचंच.

"स्टेले, मिक्सर बंद कर! देवाचं नाव घेतोय मी हितं!"

"अगं, ते कुकरचं काय करतीस? चार शिट्ट्या झाल्या! बहिरी झालीस का?"

असा आवाज की एसटी स्टँडवर ऐकू जावा. कापलेली गाणी गावभर गेली, न कापलेली तेवढी घरात राहिली. गाणं सगळ्यांचं होतं, भांडण फक्त तिचं होतं.

मग आमोसच्या घशात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकली. आता गळ्याला भोक, त्यावर रुमाल आणि हातात पाटी. भांडून भांडून ज्यांचा संसार झाला, त्या घरात एकटीनं किती भांडायचं? पाटीवर तो लिहीपर्यंत तिचा राग निवून जायचा. म्हणून रोज सकाळी भाकरी थापताना ती कॉम्प्युटर लावायची. "स्टेले, मिक्सर बंद कर!" तिकडून ओरडा आला की इकडून ती म्हणायची, "करते हो, घर डोक्यावर घेऊ नका!" आणि हसायची. दिवसातलं तेवढंच तिला सुखाचं वाटायचं.

आणि ते या पोरानं पुसून टाकलं.

"तुझ्या मावशीचा नवरा मारलास तू आज," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला.

आता जस्टिनही तापला. "मला नको बोलू मावशी! मी विचारलं हुतं. डेस्कटॉपवर लई फायली हायेत, ठेवायच्या का म्हणून. काकांनीच पाटीवर लिहून सांगितलं, पूस."

स्टेला वळली. आमोस दारात उभा होता. केव्हापासून, कुणास ठाऊक. त्याने पाटी पुढे धरली. पाटीवर दोनच शब्द होते: मीच सांगितलं.

"तुमी? सोताचाच आवाज?" तिने ती पाटी हाताने बाजूला सारली. "काय वाकडं केलं हुतं त्यानं तुमचं? एवढं एकच ठेवलं हुतं मी धरून, तेही बघवलं न्हाई तुमाला?"

आमोस लिहू लागला. खोडलं, पुन्हा लिहू लागला. ती थांबली नाही, बोलतच राहिली. शेवटी त्याने पाटी खाटेवर आदळली, कपाट उघडलं आणि नाताळच्या ताऱ्याच्या खोक्यामागून एक यंत्र काढलं. टॉर्चएवढं, गळ्याला लावून बोलायचं. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी त्याने त्यावर "स्टेला, चहा दे" एवढंच म्हटलं होतं. भुंगा डब्यात कोंडल्यासारखा तो आवाज ऐकून तिने कान झाकले होते. "बंद करा ते! ह्यो काय माझ्या नवऱ्याचा आवाज हाय?" त्यानंतर ते यंत्र तिने पुन्हा पाहिलं नव्हतं.

त्याने ते गळ्याला टेकवलं. चार्जिंग भरलेलं होतं.

"रोज त्याच्याशी बोलतेस," यंत्र घरघरलं. एकाच सुरात, वर नाही की खाली नाही. "मी हितंच बसलेला असतो."

त्याने यंत्र गळ्यावर थोडं वर सरकवलं.

"मी मेलो न्हाई, स्टेले."

रागाने त्याचे डोळे लाल झाले होते. तो राग आवाजात उतरत नव्हता, यंत्र आवळून धरणाऱ्या हातात मात्र उतरला होता. स्टेलाला तो हात धरावासा वाटला आणि त्याच क्षणी त्याच्या मुस्काटात द्यावीशीही वाटली.

"मग बोलायचं की इतके दिवस!"

"तूच बंद कर म्हणालीस."

"मी म्हंते त्यातलं कधी काय ऐकलं तुमी? हेच बरं ऐकलंत!"

जस्टिनने दोघांच्या मधून हळूच सांगितलं, "मावशी, पुसलेलं बऱ्यापैकी परत आणता येतं. फक्त त्या डिस्कवर नवं काही टाकायचं न्हाई. काढू का?"

आमोस तिच्याकडे बघत राहिला. त्याने यंत्र गळ्यावरून खाली घेतलं. याचं उत्तर तिलाच द्यायचं होतं.

"त्या डिस्कला आज कुणी हात लावायचा न्हाई," ती खेकसली आणि तरातरा आत गेली.

आत गेली खरी, पण करायचं काय ते सुचेना. डोळे पुसले, पदर खोचला. पोह्यांची बशी तशीच निवत पडली होती. सकाळी भाजलेले शेंगदाणे होते, ते तिने भांड्यात ओतले, लसूण टाकला, तिखट टाकलं आणि सगळा राग बटणावर काढून मिक्सर सुरू केला.

मागे दाराशी घरघर झाली. मिक्सरच्या गोंगाटात आधी कळली नाही, मग कळली.

"स्टेले, मिक्सर बंद कर!"

"न्हाई करत, जा!" ती ओरडली. मग तिने मिक्सर बंद केला आणि तो पुढं काय म्हणतो, ते ऐकायला थांबली.