काठीभर अंतर

स्केटिंगच्या उजव्या बुटाच्या पात्यावर, आतल्या कडेला, टाचेपासून चार बोटं पुढे तांदळाच्या कणीएवढी खाच पडली होती. गॅरेट निएमेलाला ती दिसली नव्हती. बर्फावर वळताना पाय तिथे किंचित अडखळतो, एवढंच कळत होतं. ट्रेव्हर काउपीने नखाने चाचपून ती लगेच शोधली.

"दगडांवर चालतोस की काय, लेका?" त्याने पातं धारेच्या चाकाला टेकवलं. "आज सही आहे ना? मग नवे बूट माग की त्यांच्याकडे."

गॅरेटने डावा बूटही त्याच्यापुढे सरकवला.

चार वर्षांपूर्वी आइस हॉकीच्या एकाच व्यावसायिक क्लबने दोघांची निवड केली होती. दोघेही बचावपटू, याच कॉलेजच्या संघात जोडीने खेळणारे. निवडीनंतर हक्क क्लबचा, पण पोरगा कॉलेजात शिकतो, खेळतो, मुरतो, बरणीत खारवलेल्या हेरिंग माशासारखा. बचावपटू उशिरा तयार होतात, म्हणून त्यांची बरणी कुणी घाईने उघडत नाही.

ट्रेव्हरची उघडली. क्लबच्या होतकरू खेळाडूंना घडवण्याचं काम लॉर्न पिकेटकडे होतं. पहिलं वर्ष सरताच तो ट्रेव्हरला म्हणाला, "वरच्या संघात तुझी जागा तयार आहे, पोरा. मिट ती पुस्तकं." ट्रेव्हरने सही केली. जागा नव्हतीच. खालच्या संघात बरेच जण जायबंदी होते आणि कुणीतरी भरतीला हवं होतं. अकरा महिन्यांत तीन गावं, दोनदा डोक्याला मार, मग नारळ. एकदा व्यावसायिक झाल्यावर कॉलेजच्या संघाचं दारही बंद. त्या आठवड्यात त्याने लॉर्नला सात फोन केले. शेजारी बसून गॅरेटने ते मोजले. लॉर्नने एकही उचलला नाही. तेव्हापासून ट्रेव्हर इथेच, रिंकमागच्या खोलीत, इतरांच्या पात्यांना धार लावत होता.

आणि तेव्हापासून गॅरेटने लॉर्नचा एकही फोन चुकवला नाही. लॉर्न दर महिन्याला येऊन काचेमागे उभा राहायचा, नंतर चित्रफिती पाठवायचा. "अंगावर धावून जाऊ नकोस. काठीभर अंतर राख आणि मागे सरकत राहा. त्याला वाटू दे, वाट मोकळी आहे. तो आपणहून कडेला येतो. तिथे वळायला जागा नसते. मग धर."

"हो, लॉर्न," गॅरेट म्हणायचा. दोन वर्षं म्हणत होता.

पदवी मिळाल्यावर ऑगस्टच्या पंधरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली नाही, तर क्लबचा हक्क संपतो. गॅरेटने जूनमध्ये "आईशी बोलतो" म्हटलं, जुलैमध्ये "गुडघा दाखवून येतो." मग शेवटच्या दिवशी इथेच या, म्हणून सांगितलं. लॉर्नने वरिष्ठांना शब्दच देऊन टाकला होता, निएमेला आपला आहे. त्या भरवशावर क्लबने दोन जाणते बचावपटू दुसरीकडे देऊनही टाकले होते.

चाक थांबलं. "तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळत नाही, असं समजू नकोस," ट्रेव्हर म्हणाला. "फेब्रुवारीत गुडघा कापलाय तुझा. दुसरं कोण घेणार तुला? माझ्यापायी वेडेपणा केलास ना, तर हेच बूट डोक्यात घालीन."

"तुझ्यापायी नाही."

हे बरंचसं खरं होतं. पण गुडघ्याचंही खरं होतं. हा क्लब सोडला आणि दुसरा कुणी आला नाही, तर वयाच्या बाविसाव्या वर्षी गॅरेटही शेजारच्या चाकावर बसला असता. काल रात्रभर त्याने हाच हिशेब मांडला होता, आणि आधी ठरवलेलं काहीही असो, सकाळपर्यंत उत्तर सहीच्या बाजूला झुकलं होतं.

साडेचारला लॉर्न आला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टींची पिशवी.

"काय ताणलंस रे पोरा! वरचे माझ्या मानेवर बसलेत. आज हात हलवत गेलो, तर उद्या मलाच घरी बसवतील." तो स्वतःच हसला. खिसे चाचपले. मग धारेच्या चाकाकडे वळून म्हणाला, "ए दोस्ता, पेन आहे का रे तुझ्याकडे?"

ट्रेव्हरने कानामागचं पेन काढून दिलं. लॉर्नने त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, "थँक्यू" म्हटलं आणि कागद उलगडले.

गॅरेट एक पाऊल मागे सरकला. लॉर्न कागद पुढे धरत त्याच्यामागे आत आला, थेट कोपऱ्यातल्या बुटांच्या फळ्यांपर्यंत.

"ओळखलंत याला?" गॅरेटने विचारलं.

"कुणाला?"

"पेन दिलं त्याला."

लॉर्नने मान वळवली. ओळखायला त्याला बराच वेळ लागला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला सतरा मिनिटं होती.

"गॅरेट," ट्रेव्हर हळूच म्हणाला, "नको."

"हे बघ पोरा, जुनं काय असेल ते आपण नंतर..."

"मी सही करणार नाही, लॉर्न," गॅरेट म्हणाला. "तुम्ही याचा फोन उचलला नाहीत, त्याच दिवशी ठरलं होतं."